२४ सेंटिमीटरची पट्टी: एका केंद्रातील शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपचे प्रकरण

हे प्रकरण कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेकडील डोंगरी भागातल्या एका केंद्राचे, म्हणजे एका केंद्रप्रमुखाखालच्या जवळपासच्या शाळांच्या गटाचे आहे. राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी, भुदरगड या बाजूच्या केंद्रांत थोड्याफार फरकाने सारखेच घडणारे प्रसंग एकत्र करून ते उभे केले आहे, म्हणून त्यात ना शाळेचे नाव आहे ना शिक्षकाचे.

केंद्रात दहा-बारा जिल्हा परिषद शाळा. निम्म्याहून अधिक द्विशिक्षकी. एका खोलीत पहिली-दुसरी, दुसऱ्या खोलीत तिसरी-चौथी. एका शाळेपासून दुसरीपर्यंत मधे डोंगर, ओढे, आणि जुलैत वीज व नेटवर्क दोन्हींचा भरवसा नाही. महिन्यातून एकदा शिक्षण परिषद, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांची बैठक भरते. एरवी चौथीचा वर्ग घेणाऱ्या शिक्षकाला तोच घटक शिकवणारा दुसरा माणूस भेटत नाही, कारण शाळेत चौथी एकच आणि ती त्याच्याचकडे. मोठ्या शाळेत मधल्या सुट्टीत जे बोलणे होते, ते या शिक्षकांना फोनवरच करावे लागते. त्यामुळे ग्रुप कसा चालतो याचा परिणाम इथे थेट फळ्यावर दिसतो.

ग्रुप एकच होता. त्यात सगळे शिक्षक, केंद्रप्रमुख, गट साधन केंद्रातले (तालुक्याच्या शिक्षक-मदत केंद्रातले) विषय तज्ज्ञ. सकाळी सुविचार आणि वाढदिवसाचे पुष्पगुच्छ, अकरा वाजता 'माहिती आजच सादर करावी, नसल्यास निरंक कळवावे', मग बारा शाळांची बारा 'निरंक' उत्तरे, दुपारी पोषण आहाराचे फोटो, संध्याकाळी दुसऱ्या जिल्ह्यातून फिरत आलेली पीडीएफ, आणि या सगळ्याच्या मधे कुठेतरी एखाद्या शिक्षिकेने स्वतः बनवलेले, वर्गात वापरून पाहिलेले साहित्य. असेच एक साहित्य म्हणजे अपूर्णांकाच्या पट्ट्या. त्यांचा प्रवास नीट पाहिला की ग्रुपचे दुखणे कळते.

पट्ट्या मुळात कशा होत्या

चौथीत मुले १/४ आणि १/८ यांची तुलना करताना ८ मोठा म्हणून १/८ मोठा म्हणतात. छेद म्हणजे भागांची संख्या, आणि भाग वाढले की एकेक भाग लहान होतो, ही गोष्ट सांगून पटत नाही; हातात घेऊन पटते. त्यासाठी एका शिक्षिकेने कोरा ए-फोर कागद घेतला. तो २१ बाय २९.७ सेंटिमीटरचा असतो. लांबीकडून कापून तो २४ सेंटिमीटर केला आणि रुंदीच्या बाजूने ३-३ सेंटिमीटरच्या ७ पट्ट्या काढल्या.

२४ ही संख्या विचार करून घेतली होती. तिला २, ३, ४, ६, ८ आणि १२ या सगळ्यांनी भाग जातो. एक पट्टी अखंड ठेवायची; उरलेल्या सहा पट्ट्यांचे अनुक्रमे १२, ८, ६, ४, ३ आणि २ सेंटिमीटरचे तुकडे करायचे. म्हणजे अर्धे, तृतीयांश, पाव, षष्ठांश, अष्टमांश आणि द्वादशांश असे सगळे एका कागदात बसतात आणि प्रत्येक माप पूर्ण सेंटिमीटरमध्ये येते. मुलांच्या कंपासमधल्या पट्टीने मोजता येते, दशांश लागत नाही. पावाचा तुकडा ६ सेंटिमीटरचा आणि अष्टमांश ३ सेंटिमीटरचा शेजारी ठेवला की मूल स्वतःच दोन अष्टमांश पावावर ठेवून बघते. पुढे सममूल्य अपूर्णांकांना हाच संच चालतो. दोन मुलांत एक कागद, खर्च जवळजवळ नाही.

आखणी नेमकी आणि विचार पक्का असलेले हे साहित्य ग्रुपवर टाकल्यावर बिघडले.

प्रवासात काय झाले

शिक्षिकेने स्वतः हाताने आखलेले कागद वापरले होते. इतरांचे कष्ट वाचावेत म्हणून तिने फोनवर पट्ट्यांची पीडीएफ बनवली. सात पट्ट्यांची रुंदी पूर्ण २१ सेंटिमीटर, म्हणजे कागदाच्या कडेपासून कडेपर्यंत. पण प्रिंटर कडेपर्यंत छापत नाही. चारही बाजूंना काही मिलिमीटर जागा सोडतो. बाजाराच्या गावातल्या झेरॉक्स दुकानात 'फिट टू पेज' हा पर्याय बहुधा चालूच असतो, त्यामुळे मशीनने सगळे पान आक्रसून मधे बसवले. पान ९४ टक्क्यांवर आले तर २४ ची पट्टी साडेबावीस सेंटिमीटरची होते आणि अर्धा तुकडा ११ सेंटिमीटर ३ मिलिमीटरच्या आसपास भरतो. मुलांनी मोजले, पूर्ण संख्या आली नाही, आणि ज्या सोयीसाठी २४ निवडले होते तीच गेली. तुकड्यांचे प्रमाण बरोबर होते, पण शिक्षकाने 'प्रत्येक तुकडा मोजा' म्हटल्यावर वर्गात गोंधळ झाला आणि तासिका दशांशात अडकली.

दुसऱ्या शाळेत पीडीएफ गेलीच नाही. कोणीतरी तिचा स्क्रीनशॉट काढून दुसऱ्या ग्रुपवर टाकला होता आणि तो फिरून इथे आला. पीडीएफला निदान पानाचे माप असते, फोटोला तेही नसते. दुकानदार जसा बसवेल तसा छापला जातो. शिवाय फोटो म्हणून पाठवलेले चित्र व्हॉट्सॲप दाबून लहान करते, त्यामुळे बारीक रेघा पुसट होतात आणि झेरॉक्समध्ये तुटक येतात.

तिसऱ्या शाळेतल्या शिक्षकाला पीडीएफची गरज पडली महिनाभराने, घटक आला तेव्हा. तोवर मधे शेकडो संदेश गेले होते. शोधायला शब्द नव्हता, कारण फाइलचे नाव 'डॉक', मग तारीख, मग 'डब्ल्यूए' आणि चार आकडे, एवढेच होते. व्हॉट्सॲपवर फिरलेल्या कागदाला बहुतेक वेळा असेच नाव उरते. संदेशात मजकूर होता, 'गणितासाठी उपयुक्त'. अखेर सापडली तेव्हा उतरेना, कारण न उतरवलेली फाइल सर्व्हरवर कायम राहत नाही. पाठवणाऱ्याला ती परत पाठवायला सांगावी लागते. आणि केंद्रात नव्याने रुजू झालेल्या शिक्षण सेवकाला (सुरुवातीची वर्षे मानधनावर असलेल्या शिक्षकाला) तर ती दिसण्याचा प्रश्नच नव्हता, कारण ग्रुपमध्ये येण्याआधीचे संदेश नव्या सदस्याला सहसा मिळत नाहीत.

याच सुमारास एक चौथी गोष्ट ग्रुपवर आली: वर्तुळाचे अपूर्णांक दाखवणारा रंगीत तक्ता. दिसायला पट्ट्यांपेक्षा देखणा. त्यात १/३ दाखवण्यासाठी वर्तुळावर दोन उभ्या समांतर रेघा मारून तीन भाग केले होते. समान अंतरावरच्या उभ्या रेघांनी वर्तुळाचे समान भाग होत नाहीत. मधला भाग कडेच्या भागांपेक्षा मोठा असतो. वर्तुळाचे तीन समान भाग करायचे तर केंद्रापासून १२० अंशांवर रेघा हव्यात. अपूर्णांकातली पहिली अट 'समान भाग', आणि तक्ता तीच मोडत होता. तरीही तो पुढे गेला, छापला गेला, दोन शाळांच्या भिंतीवर लागला.

कोणी बोलले का नाही

दोन्ही साहित्यांखाली 'खूप छान', नमस्काराचे हात आणि टाळ्या होत्या. पट्टी साडेबावीसची येते हे निदान तीन शिक्षकांना माहीत होते. तक्ता चुकीचा आहे हेही दोघांनी ओळखले होते. ते एकमेकांशी फोनवर बोलले. ग्रुपवर लिहिले नाही.

हे आळसामुळे झाले नाही. ग्रुपमध्ये केंद्रप्रमुख आहेत, विषय तज्ज्ञ आहेत. सर्वांसमोर 'मॅडम, पट्टी बरोबर येत नाही' असे लिहिणे म्हणजे त्यांची चूक साहेबांपुढे दाखवणे, असे वाटते. मॅडम वयाने मोठ्या असतील तर अधिकच. रुजू होऊन वर्ष न झालेला शिक्षण सेवक तर 'मला हे जमले नाही' असे कधीच लिहिणार नाही, आणि नेमके तेच वाक्य सगळ्यांच्या उपयोगाचे असते. ग्रुपवर फक्त यश येते आणि अडचणी खासगी फोनवर राहतात. साहित्य सुधारण्याची सगळी माहिती त्या अडचणींतच असते.

केंद्राने पुढे जे बदल केले, त्यांतला सर्वांत महत्त्वाचा बदल या ठिकाणी बसतो, तंत्रज्ञानात नाही.

दुसऱ्या शाळेची नोंद

नियम असा ठरला: कोणतेही साहित्य केंद्राच्या कायमच्या साठ्यात जायचे असेल तर ते बनवणाऱ्याखेरीज दुसऱ्या एका शाळेने वर्गात वापरलेले असले पाहिजे, आणि त्या शाळेने तीन ओळी लिहिलेल्या असल्या पाहिजेत: काय चालले, कुठे अडले, काय बदलले. 'अडले नाही' हे उत्तर चालत नाही. त्यामुळे अडचण लिहिणे हे टीका राहत नाही, ते काम होते. ज्येष्ठ मॅडमच्या साहित्यात अडचण लिहिली नाही तर मॅडमचेच साहित्य साठ्यात जाणार नाही, मग लिहिणे हाच मान.

पट्ट्यांबाबत दुसऱ्या शाळेची नोंद आल्यावर दोन बदल झाले. पीडीएफमध्ये पट्टीची रुंदी ३ ऐवजी अडीच सेंटिमीटर केली. सात पट्ट्या साडेसतरा सेंटिमीटरमध्ये बसल्या आणि कडेला छापण्यापुरती जागा सुटली. पानाच्या तळाशी बरोबर १० सेंटिमीटरची एक रेघ छापली आणि तिच्यावर लिहिले, 'ही रेघ मोजा. १० भरली नाही तर प्रिंट ॲक्चुअल साइजवर, म्हणजे १०० टक्क्यांवर पुन्हा काढा.' मापाचे कोणतेही साहित्य पाठवताना ही रेघ असावीच. पट्टी, नकाशा, चौकटींचा कागद, सगळ्यांना ती उपयोगी पडते.

दुसरा बदल वर्गातला होता. जोडवर्गात तिसरीची मुलेही तुकडे हाताळत होती आणि तृतीयांश-षष्ठांशात हरवत होती. त्यांना फक्त अखंड, अर्धा, पाव आणि अष्टमांश असे चार रंग द्यावेत, उरलेले चौथीकडे, हे त्या शाळेच्या शिक्षकाने शोधले. त्याने आणखी एक गोष्ट जोडली: गावच्या दूध संस्थेत मुले रोज किटली घेऊन जातात, तेव्हा पट्टीशेजारी लिटर, अर्धा लिटर आणि पाव लिटरची मापे ठेवली. पाव लिटर चार वेळा ओतून लिटर भरतो हे मुलांना आधीच ठाऊक असते. ते पट्टीवर नेणे सोपे जाते. मूळ साहित्यात हे नव्हते. दुसऱ्या शाळेतून आले.

चिठ्ठी

नुसती फाइल ग्रुपवर टाकायची नाही, सोबत चिठ्ठी हवी, हाही नियम झाला. सुरुवातीला चिठ्ठीत पंधरा रकाने होते आणि कोणीच भरेना. सहा ओळींवर आणल्यावर चालली. पट्ट्यांची चिठ्ठी अशी:

इ. ४ थी, गणित, अपूर्णांक: तुलना.
लागते: दोन मुलांत १ ए-फोर कागद, पट्टी, कात्री, ७ रंगांचे खडू.
वेळ: कापायला ३० मिनिटे (आदल्या दिवशी), वर्गात ३५ मिनिटे.
आधी यायला हवे: सेंटिमीटरमध्ये मोजणे, ६, ८, १२ चे पाढे.
हमखास चूक: मुले छेद मोठा म्हणजे अपूर्णांक मोठा समजतात. आधी अंदाज वहीत लिहून घ्या, मग तुकडे ठेवू द्या.
प्रिंटर नसेल तर: कोऱ्या कागदावर आखा, तृतीयांश घडीने नीट येत नाहीत, ८ सेंटिमीटरवर खूण करा.

शेवटच्या ओळीकडे लक्ष द्यावे. केंद्रातल्या अनेक शाळांत प्रिंटर नाही, असला तर शाई नाही. फक्त छापूनच वापरता येते असे साहित्य या शाळांच्या कामाचे नाही. फळ्यावर उतरवता येईल किंवा वहीत आखता येईल असा मार्ग चिठ्ठीत असलाच पाहिजे. रंगीत साहित्य असेल तर ते काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर कसे दिसते तेही आधी पाहावे: गडद लाल आणि गडद हिरवा दोन्ही काळे येतात, आणि 'लाल भाग किती?' हा प्रश्न निरर्थक होतो. रंगाऐवजी रेघा आणि ठिपके वापरले की अडचण राहत नाही.

'हमखास चूक' ही ओळ भरायला शिक्षकांना सर्वांत जड गेली, आणि वाचणाऱ्यांना तीच सर्वांत उपयोगी पडली. टाचण काढताना उद्दिष्टे आणि अध्ययन निष्पत्ती लिहायची सवय असते. मूल नेमके कुठे घसरते हे अनुभवाने माहीत असूनही कागदावर कधी येत नाही.

ग्रुप वेगळे केले

सूचनांचा ग्रुप वेगळा. त्यात फक्त ॲडमिन लिहितात. माहिती मागवायची तर गुगल शीटची लिंक, म्हणजे बारा 'निरंक' येत नाहीत. अध्यापनाचे दोन ग्रुप: पहिली-दुसरी आणि तिसरी ते पाचवी. हे तिन्ही व्हॉट्सॲपच्या कम्युनिटीखाली ठेवले. वाढदिवस, सेवानिवृत्ती, बढती यांसाठी चौथा ग्रुप. शुभेच्छांवर बंदी घालण्याचा प्रयत्न काही ठिकाणी झाला आहे आणि तो माणसांना लागतो. आडगावी एकट्याने शाळा चालवणाऱ्या माणसाला त्या शुभेच्छांची गरज असते. त्यांना जागा दिली की अध्यापनाचा ग्रुप आपोआप मोकळा होतो.

केंद्रप्रमुख अध्यापनाच्या ग्रुपमधून स्वतःहून बाहेर राहिले. सर्वच केंद्रांत हे जमेल असे नाही. पण राहायचे झाले तर त्यांनी तिथे सूचना देऊ नये आणि शाबासकीही देऊ नये. शाबासकीने इतरांची तोंडे बंद होतात.

टेलिग्रामवर जावे असा प्रस्ताव होता. तिथे नव्या सदस्याला जुने संदेश दिसू शकतात आणि ग्रुपमध्ये विषयवार भाग करता येतात, हे दोन्ही फायदे खरे. पण सर्वांचा रोजचा वावर व्हॉट्सॲपवर, आणि दुसरे ॲप उघडायची आठवण राहत नाही. केंद्राने ग्रुप व्हॉट्सॲपवरच ठेवला आणि साठा बाहेर काढला. हा निर्णय योग्य वाटतो. ग्रुप बोलण्यासाठी, साठा ठेवण्यासाठी. एकाच जागी दोन्ही करायला गेले की दोन्ही बिघडतात.

साठा

पहिला साठा एका तंत्रस्नेही शिक्षकाच्या खासगी गुगल ड्राइव्हवर होता. त्यांची बदली दुसऱ्या तालुक्यात झाली. त्यांचा दोष काही नव्हता, पण त्यांच्या खात्यातली १५ जीबी मोफत जागा स्वतःच्या जीमेल आणि फोटोंनी भरली, म्हणून त्यांनी सफाई केली आणि त्यात केंद्राची फोल्डरे गेली. आणखी एक सूक्ष्म गोष्ट: सामायिक फोल्डरमध्ये ज्याने फाइल चढवली, मालकी त्याचीच राहते. त्याने काढली की सगळ्यांसाठी गेली.

आता केंद्राच्या नावाचे वेगळे खाते आहे. फाइल चढवते फक्त हेच खाते. पासवर्ड हरवला तर खाते परत मिळावे म्हणून, म्हणजे पुनर्प्राप्तीसाठी, दोन वेगवेगळ्या शाळांतल्या माणसांचा संपर्क जोडलेला: एकाचा मोबाइल नंबर, दुसऱ्याचा ईमेल. महिन्यातून एकदा तरी खाते उघडले जाते, कारण दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते गुगल बंद करू शकते. लिंकवर परवानगी 'पाहू शकतो' एवढीच. सुरुवातीला ती 'संपादक' ठेवली होती. एका शिक्षकाने फोनवरून फाइल आपल्याकडे घ्यायची म्हणून ती दुसरीकडे हलवली आणि सर्वांसाठी ती नाहीशी झाली. उलट परवानगी फारच घट्ट ठेवली तर 'परवानगी मागा' असा फलक येतो, विनंती कोणी न उघडणाऱ्या ईमेलवर जाते आणि शिक्षक कंटाळून सोडून देतो.

साहित्य गोळा करायला गुगल फॉर्म केला होता, तोही अडला: फाइल चढवण्याचा प्रश्न फॉर्ममध्ये असेल तर भरणाऱ्याला गुगल खात्यात लॉगिन करावे लागते, आणि अनेकांना पासवर्ड आठवत नव्हता. आता साहित्य संकलकाला व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवतात. संकलक दर सत्राला बदलतो. त्याचे काम आठवड्याला तासाभराचे: नाव देणे, चिठ्ठी तपासणे, दुसऱ्या शाळेची नोंद आली का पाहणे, चढवणे.

दुरुस्तीसाठी एक सोय फार कामाची ठरली. ड्राइव्हमध्ये 'मॅनेज व्हर्जन्स' वापरून जुन्या पीडीएफच्या जागी नवी चढवली की लिंक तीच राहते. पट्ट्यांची अडीच सेंटिमीटरची आवृत्ती अशीच बदलली. ज्यांच्याकडे लिंक होती त्यांना आपोआप नवी मिळाली. फाइल फॉरवर्ड केलेली असती तर चूक दुरुस्त होऊनही जुनी प्रत फिरत राहिली असती, जसा वर्तुळाचा तक्ता आजही इतर ग्रुपवर फिरत असणार. म्हणून नियम: ग्रुपवर लिंक, फाइल नाही. नेटवर्क नसलेल्या शाळांसाठी अपवाद, त्याबद्दल पुढे.

नावे आणि फॉन्ट

देवनागरीतला शोध हट्टी असतो. 'अपूर्णांक' आणि 'अपुर्णांक' त्याला दोन वेगळे शब्द. '४थी', '4थी' आणि 'चौथी' तीन वेगळ्या गोष्टी. म्हणून पाठ्यपुस्तकाच्या अनुक्रमणिकेतली घटकांची नावे जशीच्या तशी एका यादीत लिहिली आणि ती ग्रुपवर पिन केली. पिन जास्तीत जास्त ३० दिवस टिकते. संकलक महिन्याला पुन्हा लावतो. फाइलचे नाव: इ४_गणित_अपूर्णांक_पट्ट्या_आ२. शेवटचे 'आ२' म्हणजे दुसरी आवृत्ती. शुद्धलेखनाचा आग्रह इथे व्यवहारासाठी आहे. चुकीच्या ऱ्हस्वदीर्घाने साहित्य हरवते.

डीटीपीवाल्याकडून करून घेतलेल्या कृतिपत्रिकांचा वेगळा त्रास. श्री-लिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या संकेतांवर बसवलेली असतात. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर किंवा मोबाइलवर वर्ड फाइल उघडली की इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. पीडीएफ केली तर दिसते बरोबर, पण तिच्यातला शब्द शोधता येत नाही की मजकूर उचलून बदलता येत नाही. नवे सारे युनिकोडमध्येच, म्हणजे कोणत्याही फोनवर वाचता येणाऱ्या प्रमाण संकेतांत, टाइप करायचे आणि पीडीएफसोबत बदलता येईल अशी मूळ फाइलही ठेवायची. साहित्य बदलून घेता आले नाही तर शिक्षक ते वापरत नाही. प्रत्येक वर्गाची मुले वेगळी असतात.

मुलांचे फोटो, मुलांची माहिती

या बाबतीत केंद्राने सवलत ठेवली नाही. साहित्य दाखवताना हात, वही, तुकडे यांचे फोटो, चेहरे नाहीत. वहीवरचे नाव झाकायचे. पालकांची लेखी संमती असली तरी ती शाळेच्या भिंतीपुरती की समाजमाध्यमावर टाकायची, हे संमतीत स्पष्ट हवे. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये १८ वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीचा विचार त्यात आहे.

फोटोंपेक्षा मोठा धोका एक्सेलचा. आधार क्रमांक, दिव्यांगत्वाचा प्रकार, बँक खाते असलेल्या याद्या घाईत ग्रुपवर टाकल्या जातात. ॲडमिनला संदेश सर्वांसाठी काढता येतो, पण ज्यांनी फाइल उतरवली त्यांच्या फोनमध्ये ती राहू शकते. अशी यादी ज्याला हवी त्या एकालाच पाठवायची, काम झाले की दोघांनीही काढायची.

एक बारीक गोष्ट क्वचितच कोणाला माहीत असते. चित्र स्पष्ट राहावे म्हणून आपण फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवतो. तेव्हा फोटोत दडलेली ठिकाणाची नोंदही सोबत जाते. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद ठेवावे.

बाजारातल्या गाइडची पाने स्कॅन करून टाकण्याबाबत: कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ मध्ये अध्यापनाच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने प्रत काढण्याला सवलत आहे. पूर्ण गाइड शेकडो सदस्यांच्या ग्रुपवर टाकणे त्या सवलतीत बसते असे धरून चालू नये. दीक्षा या सरकारी शैक्षणिक पोर्टलवरच्या साहित्याच्या माहितीत परवाना लिहिलेला असतो, तो वाचून घ्यावा.

व्हिडिओ, टीव्ही आणि नेटवर्क नसलेल्या दोन शाळा

पट्ट्या कापण्याचा व्हिडिओ अडीच मिनिटांचा केला: फोन वरून धरून फक्त हात, पार्श्वसंगीत नाही. यूट्यूबवर टाकताना 'मुलांसाठी बनवलेला' असे निवडले तर प्रतिसाद बंद होतात. हा व्हिडिओ शिक्षकांसाठी होता, म्हणून 'नाही' निवडले. प्रतिसादात कोकणातल्या एका शिक्षकाने कात्रीऐवजी पट्टी दाबून कागद फाडायची युक्ती लिहिली, आणि लहान वर्गांत तीच आता वापरतात.

लोकवर्गणीतून घेतलेले टीव्ही पेन ड्राइव्हवरचे एमपी-फोर आणि जेपीजी दाखवतात, पीडीएफ बहुतेक दाखवत नाहीत. म्हणून टीव्हीसाठीचे पान चित्र करून ठेवायचे, एका पानावर एकच प्रश्न, अक्षर मागच्या भिंतीपासून वाचता येईल एवढे.

नेटवर्क न मिळणाऱ्या दोन शाळांसाठी शिक्षण परिषदेच्या दिवशी संकलक पेन ड्राइव्ह आणतो. साठ्याची पूर्ण प्रत त्यावर असते. आधीची प्रत पुसून नवी घ्यायची, म्हणजे जुनी आवृत्ती राहत नाही. पेन ड्राइव्हसाठी फाइल २ एमबीच्या आत ठेवण्याची गरज नाही, पण लिंकवरच्यांसाठी आहे; दोन प्रकार ठेवण्यापेक्षा सगळेच लहान ठेवले जाते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये शिरोळ-करवीर भागात पुराचे पाणी शाळांत शिरले, तेव्हा कपाटातले कागदी साहित्य गेले. डोंगरातल्या या केंद्राला पूर नाही, पण गळके छप्पर आहे. एक प्रत शाळेबाहेर असणे दोन्हीकडच्या शाळांना लागते.

काय अजून सुटलेले नाही

पहिली-दुसरीच्या ग्रुपवर साहित्य कमी येते. तिथले काम बोलण्याचे, गाण्याचे, गोष्टीचे; ते चिठ्ठीत बसत नाही. ध्वनिफिती चालतील असे वाटते, पण त्यांना नाव देणे आणि शोधणे अजून जमलेले नाही. जोडवर्गाची चिठ्ठी कशी लिहावी हेही ठरलेले नाही: एक इयत्ता तुकड्यांवर असताना दुसरी काय करते, ही ओळ बहुतेक चिठ्ठ्यांत कोरी असते.

बदल्यांचा हंगाम मे-जूनचा. त्याआधी संकलकाने चार गोष्टी पुढच्या माणसाच्या हाती द्यायच्या असतात: खात्याचा पासवर्ड बदलून, पुनर्प्राप्तीचा नंबर बदलून, चारही ग्रुपचे ॲडमिनपद देऊन, आणि दुसऱ्या शाळेच्या नोंदीची वाट पाहणाऱ्या साहित्याची यादी. ही यादी सध्या वहीत आहे.